कॉलेज बघायचा कार्यक्रम

मी नववीत असताना बाबांच्या डाव्या हाताची दोन बोटं बफिंगच्या चाकात गेली. भाईंदर पूर्वेला तेव्हा स्टीलच्या भांड्यांचे बरेच छोटे कारखाने होते. टोप, ताट, डबा तयार झाला की तो फिरत्या चाकावर धरून त्याला चकाकी आणायची, त्याला बफिंग म्हणतात. लग्नात आहेरात आलेल्या डब्यात आपल्याला आपलं तोंड दिसतं ना, ते त्या चाकावरच्या माणसामुळे. आणि तो माणूस संध्याकाळी घरी येतो तेव्हा काळ्या भुकटीने त्याचंच तोंड ओळखू येत नाही. बाबांनी हे काम कितीतरी वर्षं केलं. मग एके दिवशी हातमोज्याचं टोक चाकाने ओढलं.

शेठने दवाखान्याचं सगळं पाहिलं. माणूस वाईट नव्हता. पण भांडं घट्ट धरता येत नसेल तर बफिंग होत नाही, आणि बाबांना दुसरं काही येत नव्हतं. ते पाचवी शिकलेले. पुढे त्यांना मीरा रोडच्या हाटकेश भागात एका कारखान्याच्या गाळ्यावर वॉचमनची नोकरी मिळाली, पण मधला काळ फार वाईट गेला. भाईंदरच्याच खारी गावातल्या आमच्या एका खोलीत आई आणि आत्या दिवसभर खोट्या दागिन्यांना खडे चिकटवत बसायच्या. खोलीला सतत गोंदाचा वास. आमच्या जेवणात खडा लागला तर तो तांदळातलाच असेल याची खात्री नसायची. एकदा आत्याच्या भातात लाल खडा निघाला तेव्हा ती म्हणाली, "माणिक लागलं गो मला. गरीब कोण म्हणतं आपल्याला?" आम्ही हसलो. हसण्याजोगं तेवढंच होतं त्या दिवसांत.

ही आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा झाली, मूलबाळ नाही, तेव्हापासून आमच्यात. बाबांना तिनेच लहानाचं मोठं केलेलं, त्यामुळे आमच्या घरात शेवटचा शब्द तिचा. बाबा तिला आक्का म्हणायचे, आई वन्सं. रत्नागिरीकडून इकडे आलेल्या आमच्या ओळखीच्या घरांमध्ये तिचं एक काम ठरलेलं होतं: लग्नं जमवणं. कुणाच्या मुलीसाठी स्थळ बघायला जायचं असलं की आत्याला बोलावणं यायचं. पैसे कधी घेतले नाहीत तिने. साडी मिळायची, तीही तिने नेसलेली मी पाहिली नाही, आईच्या कपाटात जायची.

हात बरा झाल्यावर बाबांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला सुरुवात केली. "माझी पोर मशीनजवळ जाणार नाही. पंख्याखाली खुर्चीवर बसून काम करेल."

आणि पोरीला वेड होतं मशीनचं.

गणित मला आधीपासून यायचं. शाळेतल्या बाई म्हणायच्या, हिला उत्तर आधी दिसतं आणि रीत मागून सुचते. पण दुसरं वेड अकरावीत लागलं. आमच्या सरांनी विज्ञानाच्या काही मुलांना एका इंजिनियरिंग कॉलेजचं प्रदर्शन बघायला नेलं होतं. तिथे जमिनीवर काळी चिकटपट्टी वळणावळणाने लावलेली आणि त्या पट्टीवरून एक छोटी गाडी आपली आपण चालली होती. वायर नाही, रिमोट नाही. वळण आलं की वळायची, चुकली की थोडी थरथरून परत पट्टीवर यायची. मी शेजारच्या मुलाला विचारलं, "हिला कळतं कसं?" तो म्हणाला, "काळ्यावरून उजेड कमी परत येतो, पांढऱ्यावरून जास्त. बाकी सगळं गणित." बाकी सगळं गणित! एवढंच मनात घोळवत मी घरी आले.

तेव्हा सीडी आल्या होत्या आणि लोक कॅसेट प्लेयर भंगारात काढत होते. भंगारवाल्याकडून त्यातल्या मोटारी आणून मी बाटलीच्या झाकणांची चाकं केली. पट्टी ओळखणारी गाडी काही मला जमली नाही, पण वायरीने चालणारी जमली. पहिल्यांदा ती आमच्या फरशीवर धावली तेव्हा बाबा खाटेच्या कडेला बसले होते. त्यांनी दोन्ही पाय वर घेतले. तळहाताएवढी गाडी. ती थांबेपर्यंत त्यांनी पाय खाली सोडले नाहीत. आईने ते पाहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या मोटारी पिठाच्या डब्यामागे गेल्या. टाकून दिल्या नाहीत तिने, मागे ठेवल्या. तिला सांगायचं राहून गेलं, पण तेवढ्यासाठी मी तिची जन्माची ऋणी आहे.

बारावी झाली, सीईटी झाली, आणि मार्क आमच्या अपेक्षेपेक्षा बरेच चांगले पडले. इंजिनियरिंगला जाता येणार होतं. पण कुठल्या कॉलेजात, कुठल्या शाखेत, हे कोणाला विचारायचं? आमच्या नात्यात कॉलेज पाहिलेलं कोणी नव्हतं. शेजारी सल्ला द्यायला सगळे तयार. एक म्हणाले कॉम्प्युटर, दुसरे म्हणाले कॉम्प्युटरचं आता काही खरं नाही, तिसऱ्यांनी सांगितलं मुलीची जात, जवळचं बघा आणि लवकर उरका. मला फक्त एवढं माहीत होतं की ती काळ्या पट्टीवरची गाडी जिथे बनवू देतील तिथे मला जायचंय. ते कसं ओळखायचं हे मला कळत नव्हतं, आणि रोबोटिक्स नावाची शाखा तर यादीत कुठे नव्हतीच.

बाबा थकून म्हणाले, "आक्का, तूच सांग काय ते."

आत्याने हातातलं कानातलं खाली ठेवलं. "सांगायचं काय त्यात? बघायला जायचं. घर न बघता मुलगी देतात काय रे?"

बाबा म्हणाले, "अगं, कॉलेज आहे ते."

"असू दे. चार वर्षं नांदायचंय ना तिला?"

असा आमच्याकडे कॉलेज बघायचा कार्यक्रम सुरू झाला. पहिली तयारी म्हणजे मला नवा ड्रेस. केबिन रोडवरच्या नेहमीच्या गुजराती दुकानात आत्या मला घेऊन गेली आणि म्हणाली, "भय्या, अच्छा दिखाओ. लडकी का देखने का कार्यक्रम है."

दुकानदार खूश. "अरे वा, माजी! लडका क्या करता है?"

"लडका नहीं, कॉलेज है."

"कॉलेज में है? कोई बात नहीं, नौकरी बाद में लग जाएगी."

मी लाजेने काउंटरखाली जायची बाकी. आत्याने त्याला समजावायचा प्रयत्नही केला नाही, कारण तेवढ्यात त्याने किंमत कमी केली होती. संध्याकाळपर्यंत बातमी खारीत. आमची घरमालकीण तिथली जुनी, आगरी बाई. दारात उभी राहून आईला म्हणाली, "काय गो, पोरीचा लगीन काढलाव नी मना सांगला पन न्हाय?" आई खडे चिकटवता चिकटवता म्हणाली, "लग्न नाही हो, कॉलेज बघताहेत." घरमालकिणीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की बिचारीचं जमत नाहीये वाटतं.

पहिलं कॉलेज जवळचं होतं, नव्यानेच झालेलं. बाबांची सुट्टी बघून आम्ही तिघं गेलो. काचेचा दरवाजा, गार हवा, ऑफिसात मऊ खुर्च्या. तिथल्या साहेबांनी आम्हाला रंगीत पुस्तक दिलं, चहा मागवला. आत्याने चहा घेतला नाही. आमच्यात बोलणी होईपर्यंत मुलाकडच्या घरचं काही तोंडात घालत नाहीत. तिने पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि साहेबांना म्हणाली, "पुढचं छान आहे. मागची बाजू बघू?"

"मागची म्हणजे?"

"म्हणजे मुलं काम करतात ती खोली."

आम्हाला प्रयोगशाळेपाशी नेलं. दाराला कुलूप. जाळीतून आत बघितलं तर सगळ्या यंत्रांवर प्लॅस्टिकची कव्हरं. आत्याने विचारलं, "किल्ली कोणाकडे असते?"

"सरांकडे असते. सर आज रजेवर आहेत."

"आणि मुलांना आत जायचं झालं तर?"

"तास असला की उघडतो ना आम्ही."

आत्या तिथूनच बाहेर निघाली. बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "आत्या, किल्लीचं काय विचारत होतीस?" ती म्हणाली, "मी कुठलंही घर बघायला गेले की एवढं विचारते. कपाटाची किल्ली सुनेकडे असते का. हुंडा नाही, मानपान नाही, सगळं गोड बोलतील. पण किल्ली सासूच्या कमरेला असली तर ती सून त्या घरात जन्मभर पाहुणी." मग कॉलेजकडे मान वळवून म्हणाली, "इथे तू पाहुणी राहशील."

बाबांना मात्र ते कॉलेज मनापासून आवडलं होतं. पंखाच काय, एसी होता. कॉम्प्युटरची शाखा मिळण्यासारखी होती. "मुलगी डोळ्यांसमोर राहील," ते म्हणाले, "आणि स्वच्छ आहे." त्यांचं चूक नव्हतं. ज्या माणसाने सगळं आयुष्य भुकटीत काढलं त्याला स्वच्छ म्हणजे काय ते आपल्यापेक्षा जास्त कळतं.

दुसरं कॉलेज मुंबईतलं, जुनं आणि नावाजलेलं. त्याच्या फाटकाकडे बघूनच आत्या म्हणाली, "मोठ्या घरचं स्थळ. हे आपल्याला होकार देणार नाहीत." खरंच होतं, माझे मार्क तिथवर पोचत नव्हते. तरी ती वॉचमनशी गप्पा मारून आली. येताना म्हणाली, "माणूस चांगला आहे. चिपळूणचा."

तिसरं कॉलेज लांब होतं. रोज जाऊन येऊन करता आलं असतं, पण दिवस त्यातच जाणार. इमारतीचा रंग उडालेला. ऑफिसात आम्हाला कोणी फारसं विचारलं नाही, म्हणून आत्या सरळ मागे चालायला लागली. मागे पत्र्याची मोठी शेड होती. सुट्टीचे दिवस, तरी दार उघडं, आणि आत जमिनीवर पालथी पडून मुलं कसल्याशा चाकांच्या सांगाड्यात डोकं घालून काम करत होती. त्यांच्यात एक मुलगी होती. ओढणी कमरेला बांधलेली, हात कोपरापर्यंत काळे. आत्या तिच्यापाशी उकिडवी बसली.

"काय करतेस गो?"

"रोबोट आहे, आजी. जिना चढायला पाहिजे. चढत नाहीये मेला."

"किल्ली कोणाकडे असते या खोलीची?"

त्या मुलीने गळ्यातला दोरा बाहेर काढून दाखवला. दोऱ्याला किल्ली. "या आठवड्यात माझ्याकडे. आळीपाळीने असते. सर म्हणतात तोडा, पण परत जोडा."

"सर कसे आहेत?"

"खडूस आहेत," ती हळूच म्हणाली, "पण शिकवतात. आणि कॅन्टीनचा वडा खाऊ नका." मग तिला काय वाटलं कोण जाणे, हात पुसत उठली आणि म्हणाली, "चहा चांगला असतो. आणू?"

आत्या म्हणाली, "आण. साखर घालून."

मी आत्याकडे बघतच राहिले. आमच्या घरात याचा अर्थ एकच होता.

त्या मुलीने मग मला सांगितलं की रोबोट करायचा असेल तर मेकॅनिकल घे नाहीतर इलेक्ट्रॉनिक्स घे, दोन्हीकडचे लोक इथे येऊन बसतात, रोबोटला दोन्ही लागतं. मी तिला पट्टीवरच्या गाडीचं विचारलं. तिने खडू घेऊन जमिनीवरच समीकरण मांडलं, आणि ते मला कळलं! माझी गाडी का जमली नव्हती तेही कळलं. त्या मुलीची आणि माझी पुढे एकच वर्ष गाठ पडली, पण मला वाट दाखवणाऱ्या माणसांत तिचं नाव वरचं आहे.

मी आनंदात मागे वळले तर बाबा शेडमध्ये नव्हते. ते दाराबाहेर उभे होते. आत कोपऱ्यात एक मुलगा लेथ मशीन चालवत होता आणि त्याच्या फिरत्या चाकाचा आवाज येत होता. बाबा उंबऱ्याच्या आत आलेच नाहीत.

घरी आल्यावर ते आत्याला म्हणाले, "तू किल्ली बघितलीस, आक्का. मी चाक बघितलं."

आत्या खडे निवडायला बसली. मग म्हणाली, "तू पोटासाठी चाकापुढे उभा राहिलास. ही हौसेने चाललीय."

"चाकाला ते कळत नाही."

मी रडले नाही, पण जेवलेही नाही. आईने शेवटी मधला मार्ग काढला. ती एरवी या दोघांच्या बोलण्यात पडायची नाही. "ती इलेक्ट्रॉनिक्स काय म्हणते," आई म्हणाली, "त्यात चाक नसतं ना? तारा असतात. मग तिसरं कॉलेज आणि तारा." बाबांनी मान हलवली. तसं ठरलं.

तेव्हा प्रवेश समोरासमोर व्हायचे. एका मोठ्या हॉलमध्ये गुणवत्तेप्रमाणे नंबर पुकारत. समोर बोर्डावर कुठल्या कॉलेजात कुठल्या शाखेच्या किती जागा उरल्या ते दिसायचं. नंबर आला की टेबलापाशी जायचं, तिथल्या तिथे सांगायचं, आणि एकदा सांगितलं की झालं. बरोबर एका पालकाला सोडत. बाबा आले. आत्या बाहेर थांबली, पिशवीत पेढे घेऊन.

माझ्या पुढे थोडीच मुलं उरली असताना तिसऱ्या कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्समधली शेवटची जागा गेली. माझ्या डोळ्यांदेखत आकडा पुसला. मी बाबांकडे बघितलं. त्यांनाही दिसलं होतं. आता बोर्डावर आमच्या उपयोगाच्या दोनच जागा होत्या: जवळच्या कॉलेजातलं कॉम्प्युटर आणि लांबच्या कॉलेजातलं मेकॅनिकल. पंखा आणि चाक.

नंबर पुकारला. टेबलापलीकडचे अधिकारी घाम पुसत म्हणाले, "बोला, लवकर."

बाबांनी त्यांना विचारलं, "साहेब, मेकॅनिकलला मुली असतात का?"

"असतात की. कमी असतात, पण असतात."

मी पुन्हा बाबांकडे बघितलं. मनात म्हटलं, ते नाही म्हणाले तर मी कॉम्प्युटर सांगेन. खरंच सांगितलं असतं. त्यांचा तो दोन बोटं नसलेला डावा हात समोर टेबलावर होता आणि त्या हातापुढे हट्ट करायची माझी हिंमत नव्हती.

बाबा म्हणाले, "माझ्याकडे बघू नको. तिकडे बोर्डाकडे बघ, आणि तुला पाहिजे ते बोल."

मी बोर्डाकडे बघितलं आणि म्हटलं, "मेकॅनिकल."

अधिकाऱ्यांनी लिहायला घेतलं. बाबा टेबलावर थोडे वाकले. "साहेब, तिथे शिकवतात ना? म्हणजे मशीनवर उभं करायच्या आधी शिकवतात ना सगळं?"

त्या माणसाने मान वर केली. घाईत होता, पण थांबला. बाबांच्या हाताकडे त्याचं लक्ष गेलं असणार. म्हणाला, "चार वर्षं तेच शिकवतात, काका."

"मग ठीक," बाबा म्हणाले. "लिहा."

आत्याने पेढे खारीत वाटले. घरमालकीण पेढा तोंडात टाकून म्हणाली, "ठरला एकदाचा! घराना कुठला?" आत्या म्हणाली, "मेकॅनिकल." घरमालकिणीने हे आडनाव कधी ऐकलं नव्हतं, पण पेढा चांगला होता म्हणून तिने जास्त चौकशी केली नाही.

वर्कशॉपच्या पहिल्या तासाला सरांनी आम्हाला मशीनला हातही लावू दिला नाही. पूर्ण तास फक्त नियम. सैल कपडे नकोत, बाह्या वर, केस बांधलेले, आणि फिरत्या भागाजवळ हातमोजे घालायचे नाहीत, कारण मोजा अडकला तर हाताला ओढून नेतो. घरी येऊन मी बाबांना एकेक नियम सांगितला. मोज्याचा मागे ठेवला, पण सांगितला. ते लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आम्हाला हातमोजे शेठनेच दिले होते. काळजीने दिले होते गं त्याने. त्यालाही कोणी सांगितलं नसणार." मग म्हणाले, "अजून काय सांगितलं? सांग."

त्यानंतर चार वर्षं मी जे शिकले ते त्यांना सांगत राहिले. ड्युटीवर जायच्या आधी चहा पिताना ते विचारायचे, "काल काय झालं?" गिअर, बेअरिंग, सगळं. गणितापाशी आलं की म्हणायचे, "ते राहू दे, पुढचं सांग." आई आणि आत्या खडे चिकटवता चिकटवता ऐकायच्या. माझ्या वर्गात इंग्रजी शाळेतली पुष्कळ मुलं होती, ज्यांच्या घरी काका-मामा इंजिनियर. पहिल्या वर्षी भाषेने मला रडवलं, एका विषयात तर काठावर निघाले. पण धडा दुसऱ्या माणसाला सोपा करून सांगायची सवय मला आमच्या खोलीत लागली, आणि तोंडी परीक्षेला ती जितकी उपयोगी पडली तितकं कुठलंच पुस्तक पडलं नाही. माझ्या घरच्यांनी मला शिकवणी लावली नाही, लावता आली नाही. त्यांनी ऐकलं. हे मी आज अभिमानाने सांगते.

शेवटच्या वर्षी आमच्या गटाचा रोबोट कॉलेजांच्या स्पर्धेत उतरला. त्याचे दोन्ही हात मी केले होते, त्यांचं सगळं गणित माझं. आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. बाबा बघायला आले होते, आणि या वेळी ते दाराबाहेर थांबले नाहीत, पुढच्या ओळीत बसले.

मी पहिल्या वर्गात मेकॅनिकल इंजिनियर झाले. आई-बाबांच्या दोन्ही घराण्यांत पदवी मिळवलेली पहिली मी. निकालानंतर थोड्याच दिवसांत कारखान्यांसाठी रोबोट बनवणाऱ्या कंपनीत मला नोकरी लागली, आणि आजही मी तेच काम करते.